विजयमालाकाकींची पेट्रोल गाडी

कृष्णात मेजरांचा तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळच्या चहाला जयराजनं आईपुढं गाडीचा विषय काढला.

"आई, गाडी काढून टाकू. तुला चालवता येत नाही. नुसती उभी राहून खराब होईल. ओळखीतलाच एक जण घ्यायला तयार आहे."

विजयमालाकाकी कपबशा विसळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "राहू दे."

"पण कशाला?"

"राहू दे म्हणलं न्हवं."

का राहू द्यायची, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. खरं तर त्या गाडीवर त्यांचा रागच होता.

मेजर पलटणीतून हवालदार म्हणून सुटले होते, पण आमच्या कडेगावात लष्करातून आलेला प्रत्येक जण मेजरच. लग्न झालं तेव्हा काकी अठरा वर्षांच्या होत्या. मेजर लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत. कधी पठाणकोट, कधी तेजपूर. वर्षाला दोन महिन्यांची रजा. त्यातले पंधरा दिवस भावकीत जायचे, पंधरा दिवस उसाच्या तोडीत. चोवीस वर्षं अशी गेली. सुटून आले आणि लगेच पुण्यात एका कारखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीला लागले. तिथं सहा वर्षं. दोन हजार बाराला कायमचे घरी आले, तेव्हा काकींना वाटलं, आता माणूस घरात बसेल, बोलेल. मेजरांनी त्याच दिवाळीत छोटी पांढरी गाडी घेतली आणि गोठ्याशेजारच्या छपरात लावली. त्यानंतरची दहा वर्षं ते त्या छपरातच असायचे.

गाडी साधी होती. तीन सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, नऊशे अठ्ठ्याण्णव सीसी. चार माणसं आणि दोन पिशव्या घेऊन चढावर कुरकुरायची. पण मेजरांनी तिची निगा अशी ठेवली, की फाटकातून बाहेर पडताना फक्त चाकांचाच आवाज यायचा. दर दहा हजार किलोमीटरला तेल बदलायचं, पावणेतीन लिटर, मापून. एअर फिल्टर दर महिन्याला काढून झटकायचा. प्लग बाहेर काढून ब्रशनं घासायचे. हे सगळं ते एका वहीत लिहायचे. काकी चहा घेऊन छपरात जायच्या, तेव्हा बॉनेटखालून हात बाहेर यायचा, कप घ्यायचा, परत आत जायचा.

मेजर गेले ते फेब्रुवारीत, छातीत कळ येऊन, सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता.

जयराज दुबईला परत गेला. सूनही तिथंच नोकरीला. नात उत्कर्षा तेव्हा नऊ वर्षांची. जमीन वाट्यानं दिलेली, म्हशी आधीच विकलेल्या. घरात काकी एकट्या राहिल्या आणि छपरात गाडी.

मे महिन्यात त्यांनी सहज म्हणून किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मावळले. त्यांनी धुळाला फोन केला.

धुळाचं गॅरेज विटा रस्त्याला होतं. मूळचा आटपाडीकडचा. बाप मेंढरं घेऊन हिंडायचा, पण हा दहावीनंतर इंजिनात शिरला तो शिरलाच. आता पंचेचाळिशीचा होता. मेजरांचा आणि त्याचा चांगला घरोबा. मोटरसायकलवर दुसरी बॅटरी बांधून तो आला, वायरी जोडल्या, आणि इंजिन थरथरून चालू झालं.

"काय बिघडलं हुतं?" काकींनी विचारलं.

"काय न्हाई काकी. बॅटरी उतरलीया. तीन महिनं उभी हाय. आठवड्यातनं एकदा चालू करून पंधरा मिन्टं ठेवा."

"हादरतीया का एवढी?"

"तीन सिलेंडर न्हवं? उभ्यानं हादरायचीच. चारवालं इंजिन एकसारखं वाजतं. ही जात जरा थरथरती."

तेव्हापासून काकी दर गुरुवारी सकाळी गाडी चालू करायच्या आणि स्टेअरिंगमागं बसून राहायच्या. पंधरा मिनिटांची कधी अर्धा तास व्हायची. घरात दिवसभर भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही वाजायचं नाही. टीव्ही लावला तरी ती दुसऱ्याच कुणाची तरी बडबड वाटायची. इंजिनाचा आवाज मात्र आपल्या छपरातला होता.

याच दिवसांत त्यांनी मेजरांची वही वाचायला घेतली. हातात पेन्सिल घेऊन वाचायच्या, कळलं नाही तिथं खूण करायच्या आणि धुळाला विचारायच्या. तेलाची पट्टी कशी ओढायची, पुसून परत घालून कशी बघायची, तेल दोन खुणांच्या मधे हवं, हे त्या वहीतूनच शिकल्या. पण खरं सांगायचं तर त्या वहीत त्यांना दुसरंच काही हवं होतं. दहा वर्षांत या माणसानं आपल्याबद्दल एखादी ओळ लिहिली असेल, असं त्यांना वाटत होतं. वहीची एकशे चाळीस पानं होती. काकींचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडला. दोन हजार सोळाच्या ऑगस्टात दोघं सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली होती. त्या तारखेखाली मेजरांनी लिहिलं होतं: 'सांगली जाऊन येऊन. एक माणूस जास्त. चढाला पिकअप कमी. प्लग बघणे.'

काकींनी ती ओळ दोनदा वाचली. मग वही मिटून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली आणि तीन गुरुवार गाडीला हात लावला नाही.

चौथ्या गुरुवारी इंजिन अडखळत चालू झालं, फाट फाट करू लागलं. धुळानं प्लग काढून दाखवले. तिन्ही काळेकुट्ट, काजळी धरलेले. तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट ओल साचलेली.

"आसं नुसतं उभ्या उभ्या चालू ठिवून ती मरंल बघा," धुळा म्हणाला. "इंजान नीट तापल्याबिगर आतला ओलावा जात न्हाई, काजळी जळत न्हाई. हिला पळवायला पायजे. जयराजभाऊंना सांगा, इका आता."

"मी शिकते," काकी म्हणाल्या.

"काय?"

"चालवायला शिकते. लायसन काढाय वयाची काय आट हाय का?"

"आट कसली आलीया," धुळा म्हणाला, आणि प्लग पुसत राहिला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी काकी विट्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधे जाऊ लागल्या. लुगड्याचा घोळ क्लचमधे अडकतो म्हणून पंजाबी ड्रेस शिवून घेतला. तो घालून घराबाहेर पडणं त्यांना गाडी चालवण्यापेक्षा अवघड गेलं. पहिल्या परीक्षेत उलटं घेताना खांबाला धडकल्या, दुसऱ्या वेळी पास झाल्या.

गल्लीतल्या बायकांनी कौतुक केलं, पण गाडीत कुणी बसेना. शेजारच्या रंगुबाईंना काकी दर सोमवारी म्हणायच्या, "चला, बाजाराला सोडते." रंगुबाई म्हणायच्या, "नगं गं बाई, मला यष्टीच बरी." आणि स्टँडकडं चालू लागायच्या. एकदा कुंडलला एका लग्नाला जायचं होतं. चार बायका येते म्हणाल्या, आणि सकाळी चौघींना चार कामं निघाली. काकी एकट्याच गेल्या, आहेर देऊन एकट्याच आल्या. शेजारच्या सीटवर त्या पर्स ठेवायच्या. ब्रेक लावला की ती खाली पडायची, आणि काकी तिला "बस की नीट" म्हणायच्या. आपण हे मोठ्यानं बोलतो, हे त्यांच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

त्या उन्हाळ्यात रेडिएटरच्या शेजारच्या बाटलीतलं पाणी खाली गेलेलं त्यांना दिसलं. वहीत 'कूलंट' असा शब्द होता. काकींना वाटलं, इंजिन थंड ठेवायचं पाणी ते, त्यात काय. त्यांनी परड्यातल्या बोअरचा तांब्या भरून ओतला. पुढं दर महिना-दीड महिन्याला पातळी उतरायची आणि त्या तांब्या ओतायच्या. धुळाला कधी विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीला त्याला कशाला बोलवायचं?

दोन हजार चोवीसच्या जूनमधे जयराजनं उत्कर्षाला पाचगणीच्या बोर्डिंगात घातलं. "तिकडं आम्हाला दोघांनाही वेळ होत नाही, आई. आणि तू आहेसच की जवळ." शाळेच्या कागदावर आजीचं नाव लागलं. महिन्यातल्या एका रविवारी मुलांना घरच्या माणसांबरोबर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बाहेर सोडायचे. पहिले काही महिने जयराजचा पुण्याचा मित्र जाऊन आला. डिसेंबरात त्याला जमेना. काकींनी जयराजला फोन केला.

"मी जाते. गाडी घिऊन."

"आई, सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे. वर घाट आहे."

"म्हायती हाय मला."

"बघ बाबा. उत्कर्षाला सांगतो, पण तू काही जिवावर उदार होऊ नकोस."

रविवारी सकाळी सहाला काकी निघाल्या. डब्यात पुरणपोळ्या, तुपाची बाटली, भाजलेल्या शेंगा. कराडला हायवेला लागल्या, उंब्रज गेलं, नागठाणे गेलं, साताऱ्यात पुलाखाली थांबून चहा घेतला. थंड हवा, मोकळा रस्ता, इंजिन एकसुरात. मेजरांनी आपल्याला एकदा तरी इथं बसवायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. पावणेदहाला त्या वाईच्या पुढं पसरणी घाटाच्या तोंडाशी होत्या.

तिसऱ्या वळणाला तापमानाचा काटा हलला. एरवी मधे थांबणारा काटा बोटभर वर सरकला. काकींनी गाडी दुसऱ्या गिअरमधे घेतली. पुढं पर्यटकांच्या गाड्यांची रांग, मागं बस, एका बाजूला कठडा आणि दुसरीकडं डोंगर. थांबायला जागा नव्हती. वहीतलं एक वाक्य त्यांना पाठ होतं: 'काटा लाल रेघेला लागायच्या आत गाडी बंद. गरम असताना झाकण उघडायचं नाही.' धुळानं सांगितलं होतं, गाडी तापली की आतला हीटर पूर्ण लावायचा, इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. काकींनी हीटर लावला. तोंडावर भट्टीसारखी हवा आली. तशाच त्या दोन वळणं चढल्या. काटा लाल रेघेला टेकला, आणि बॉनेटच्या कडेनं वाफ निघू लागली. पुढच्या वळणापाशी थोडी सपाट जागा दिसली, तिथं त्यांनी गाडी कडेला घेऊन किल्ली फिरवली.

तिथं त्या पावणेतीन तास बसल्या. फोनला रेंज येत होती, जात होती. शाळेचा नंबर लागला नाही. जयराजला एक निरोप पाठवला, तो गेला की नाही कळेना. शेजारून गाड्या जात होत्या, आतली माणसं माना वळवून बघत होती. एका मोठ्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, "मावशी, बरोबर कुणी पुरुषमाणूस नाही का?"

"न्हाई," काकी म्हणाल्या.

"मग एवढ्या लांब कशाला आलात?" असं म्हणून तो पुढं गेला.

इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत त्या थांबल्या. मग ओढणीची चौपदरी घडी करून रेडिएटरचं झाकण हळूहळू सैल केलं. आत पाणी दिसतच नव्हतं. पिण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्या ओतल्या. शेंगा विकणाऱ्या एका बाईनं कळशीतलं पाणी दिलं. हात काळे झाले, ड्रेसला तेल लागलं. गाडी चालू झाली, पण आवाज फाटलेला होता. कडेकडेनं, थांबत थांबत त्या वर पोचल्या, तेव्हा दोन वाजून गेले होते.

शाळेच्या फाटकावरच्या मॅडमनी रजिस्टर बघितलं.

"उत्कर्षा अकरा वाजता गेली. तिच्या मैत्रिणीचे आईवडील घेऊन गेले. तिच्या बाबांनीच फोनवर परवानगी दिली."

"मी येनार म्हणून सांगितलं हुतं की."

"ते म्हणाले, आईंचं येणं काही नक्की नाही."

काकी फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसल्या. समोरून मुलं आईबापांबरोबर स्ट्रॉबेरीची खोकी घेऊन येत होती. पाच वाजायला दहा कमी असताना एक गाडी थांबली आणि उत्कर्षा उतरली. जूनपेक्षा उंच झाली होती.

"आजी! तू खरंच आलीस? बाबा म्हणाले होते, तू नाही येणार."

"गाडी तापली बाळा घाटात."

उत्कर्षानं त्यांच्या हातांकडं बघितलं, मग मैत्रिणीकडं. "आजी, बेल होईल. उशीर झाला तर नाव लिहितात." तिनं डबा घेतला, घाईनं एका हातानं मिठी मारली आणि आत गेली. मैत्रिणीची आई काकींना म्हणाली, "खूप गोड मुलगी आहे हो तुमची." काकी "व्हय" म्हणाल्या.

घाट उतरताना मागच्या नळीतून पांढरा धूर येत राहिला. वाईत पोचल्यावर त्यांनी गाडी बंद केली ती पुन्हा चालूच झाली नाही. रात्र त्यांनी स्टँडजवळच्या एका लॉजवर काढली. फोन फक्त धुळाला केला.

दुसऱ्या दिवशी दहाला धुळा एक पिकअप टेम्पो घेऊन आला. त्यानं तेलाचं झाकण काढलं आणि काकींपुढं धरलं. काळं तेल जाऊन तिथं दुधाच्या कॉफीसारखा फेस होता.

"तेलात पाणी गेलंय. हेडचं गॅस्केट उडालं."

"आता गाडी गेली?"

"बघू. उघडल्याशिवाय काय सांगायचं?"

कडेगावला आणून त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवलं. काकी समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. दोन वर्षं ज्याचा आवाज ऐकत होत्या, ते आतून त्यांनी पहिल्यांदा बघितलं. तीन गोल विहिरी, प्रत्येकीत एक काळा पिस्टन. दोन नंबरच्या विहिरीच्या कडेला हेडखालचं पातळ गॅस्केट जळून फाटलेलं. पाण्याच्या वाटांत पांढरे थर साचलेले, चहाच्या जुन्या भांड्याला धरतात तसे. धुळानं स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं, तर खपली निघाली.

"काकी, पाणी कुठलं घालत हुता?"

काकींनी पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवला. "बोअरचं."

धुळा रागावला नाही. "खारं पाणी हाय आपलं. त्याचा थर बसला. हित्तं सपाटीला चालून गेलं, घाटात इंजानाला जोर पडला आन् पाण्याला फिराय वाटच न्हाई ऱ्हायली. कूलंट घालायचं, त्यात बॅटरीत घालत्यात ते शुद्ध पाणी. आन् कमी व्हतंय तर का व्हतंय, हे बघायचं. हित्तं बघा, खालच्या पाइपाची क्लिप सैल हाय. एवढंच हुतं."

"मला इचारायला पायजे हुतं तुला."

"व्हय. इचारायचं की."

काकींनी निघालेली खपली उचलून बोटांत चुरडली. मग म्हणाल्या, "धुळा, ते तुझ्याकडं यायचे. तासतास बसायचे. माज्याबद्दल कवा काय बोलायचे का रं?"

धुळानं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं खरंच आठवून बघितलं. मग मान हलवली.

"न्हाई काकी. गाडीचंच बोलायचे. मेजरांना दुसरं बोलाय येतच नव्हतं."

"बरं," काकी म्हणाल्या.

घरी जाऊन त्या खूप रडल्या. नवरा गेला तेव्हा आल्यागेल्याच्या गर्दीत रडायचं राहून गेलं होतं. पण धुळानं गोड वाटावं म्हणून काही रचून सांगितलं नाही, याचं त्यांना बरंही वाटलं. रचलेलं असतं तर ते रोज खरं की खोटं म्हणून तपासत बसावं लागलं असतं.

हेड वाकलं होतं. ते कराडला नेऊन मशीनवर घासून सपाट करून आणलं. रेडिएटर नवा घातला, तेल दोनदा बदललं, कारण पहिल्या खेपेला आतलं पाणी पुरतं निघत नाही. अकराव्या दिवशी इंजिन चालू झालं. काकी रोज गॅरेजवर जायच्या, त्यामुळं कुठला बोल्ट कुठं बसतो हे त्यांना पाठ झालं होतं. घरी येऊन त्यांनी मेजरांच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं. चूक कुणाची होती, तेही लिहिलं.

जयराजचा फोन आला. "आता तरी विक ती."

"फेब्रुवारीचा रविवार कवा हाय ते सांग," काकी म्हणाल्या. "आन् परवानगी आता मला इचारल्याबिगर कुनाला देऊ नगंस."

फेब्रुवारीत त्या पहाटे चारला उठून निघाल्या आणि साडेनऊला फाटकावर उभ्या होत्या. घाटात काटा मधेच राहिला. उत्कर्षा बाहेर आली, पुढच्या सीटवर बसली. काकींनी बरंच काही विचारायचं ठरवलं होतं: जेवण मिळतं का, रात्री आईची आठवण येते का, मैत्रीण कुठली. घाट उतरून त्या वाईला येईपर्यंत पोरगी झोपली होती. आदल्या आठवड्यात परीक्षा संपलेली, चेहरा ओढलेला, तोंड थोडं उघडं.

वाईत गणपतीपुढं थांबायचं ठरलं होतं. काकींनी गाडी थांबवली असती तर ती जागी झाली असती. म्हणून त्या धोमच्या रस्त्याला लागल्या, धरणापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या गिअरमधे, चाळिसाच्या वर न जाता. एकीकडं गव्हाचं शिवार, एकीकडं पाणी. दीड तास त्या अशा फिरत राहिल्या. बोलणं काहीच झालं नाही.

जाग आल्यावर उत्कर्षानं डोळे चोळत विचारलं, "आपण कुठं आलोय?"

"हितंच हाय. भूक लागली का?"

"खूप."

काकींनी गाडी आंब्याच्या झाडाखाली घेतली, आणि मागच्या सीटवरचा डबा काढायला वळल्या.